छत्तीस वजा एक

निझवाच्या सनाइयात, पंक्चरवाल्याला लागून, आमचे दोन शटर.
चौऱ्याऐंशीची लँडक्रूझर घेऊन हमूद बिन झाहिर आला
तेव्हा सावलीत सेहेचाळीस होतं.
पेट्रोलपंपावर ओल्या गोणपाटाची पट्टी,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी.

म्हणाला, इथं खाली हिचं पेट्रोल वाटीतच उकळतं,
आणि वर सैकला, डाळिंबाच्या बागेपाशी पोचेस्तोवर
काळा धूर ओकते.
हवा विरळ झाली तरी पेट्रोल तेवढंच.
तिला कळतच नाही आपण किती उंच आलो.
विकायची नाही. बापाची आहे.
इंजेक्शन बसव.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कार्बोरेटरवर वाढलो.
जेट फुंकायचा, जिभेवर पेट्रोल घेऊनच जेवायचं.
स्क्रू पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं,
आणि डोळे मिटून ऐकायचं.
ते बोलतंय ना, मग तू गप बस,
पिराजी मिस्त्री म्हणायचे.

चार नट. कार्बोरेटर हातात आला, कोमट,
तळाशी पिठासारखी तांबूस धूळ,
आणि तो फ्लोट, चाळीस वर्षं एकच काम:
भरलं की दार लाव.
फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. भंगारात टाकवेना.

मग अकरा दिवस.
टाकीत नवा पंप, जायची एक नळी, परतीची एक.
लागलं नाही ते पेट्रोल माघारी जातं,
हे मला फार आवडलं, कुणाला बोललो नाही.
सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून सेन्सर बसवला;
धुराचा वास आता त्यानं घ्यायचा.
वायरींचा गुंता शिनोजकडं,
त्रिशूरचा पोरगा, नखांत काळं जाऊ देत नाही.

क्रँकच्या पुलीचं चाक मी कापलं.
छत्तीस दात. त्यातला एक मुद्दाम पाडायचा.
माझा हात थांबला. चांगला दात!
पाडा चेट्टा, शिनोज म्हणाला,
सगळे सारखे राहिले तर कॉम्प्युटरला कळणार नाही
इंजिन फिरत कुठं आलंय.
जिथं दात नाही तिथून तो मोजायला लागतो.
पाडला. कानशीनं कड मारली.
त्या रात्री खोलीवर जीभ सारखी
माझ्याच दाढेच्या खड्ड्यात जात राहिली.

पहिल्या सेल्फला चालू झाली.
इतकी सरळ, की वाटलं काहीतरी राहिलंय.
शिनोज लॅपटॉपवर चौकटी भरत होता,
एवढ्या हवेला एवढं, एवढ्या गरमीला एवढं.
मी सवयीनं कान लावला. बारीक शिट्टी.
इनटेकच्या गास्केटपाशी, मागच्या बोल्टाखाली, हवा चोरतेय.
स्क्रीनवर आकडा नुसता हलत होता,
कुठून, ते त्याला ठाऊक नव्हतं.
बोल्ट आवळला. शिट्टी गेली, आकडा बसला.
शिनोजनं चहा मागवला. दोनच.

बिरकत अल मौझची चौकी सोडून वर चढलो.
वळणामागून वळण, कान दडे बसले,
गाडीचा सूर तोच.
सैकला हमूदनं मागं जाऊन सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं,
बोटाकडं बघितलं,
आणि त्याच हातानं डाळिंब फोडलं.

चोकचा खटका मात्र काढू नकोस म्हणाला.
आता तो कुठंच जात नाही, मी सांगितलं,
केबलचं टोक वळवून बांधलंय आतल्या पत्र्याला.
ठाऊक आहे, म्हणाला.
सकाळी बघितलं: खटका ओढला, थोडा थांबला, मग चावी.

शुक्रवारी मी घरी फोन लावतो.
पहिलं विचारतो, पाणी आलं का?
चार वर्षं झाली, नळाला चोवीस तास पाणी आहे.
आलं, मालन म्हणते.